नुकसानीचा निवाडा आणि स्वतंत्र विमा सर्वेक्षकाचे भवितव्य

विमा उद्योगात नुकसानीची पाहणी करून भरपाईचा आकडा सुचवणाऱ्या स्वतंत्र सर्वेक्षकाचा व्यवसाय पुढे टिकेल की नाही, या प्रश्नाची चर्चा सहसा मोबाइलवरची छायाचित्रे, उपग्रह आणि संगणकीय अनुमान यांच्याभोवती फिरते, आणि यंत्र माणसाइतके अचूक पाहू लागले की माणसाची गरज संपेल, या निष्कर्षावर येऊन थांबते. हा निष्कर्ष अपुरा आहे. नुकसान किती झाले हे मोजण्याचे काम मोठ्या प्रमाणात यंत्राकडे जात आहे आणि जात राहील, हे मान्य केले तरी एक काम शिल्लक राहते: विमा कंपनी आणि विमेदार या बळाने असमान असलेल्या दोन पक्षांच्या मध्ये उभे राहून, झालेल्या नुकसानीचे कारण कोणते, ते कारण पॉलिसीच्या अटींत बसते का आणि त्यापोटी किती रक्कम देणे न्याय्य ठरते, याचा स्वतःच्या सहीने निवाडा देणे. या व्यवसायातील रोजगाराचे भवितव्य यंत्राच्या क्षमतेपेक्षा, असा निवाडा देणाऱ्याची नेमणूक आणि मेहनताना कोणाच्या हाती राहतो यावर अधिक अवलंबून आहे. आणि त्याची खरी कसोटी मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांपेक्षा पुणे जिल्ह्यातील भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत, मार्गासनीसारख्या गावाच्या शिवारात लागणार आहे.

भारतात या व्यवसायाला कायद्याचा आधार आहे. १९३८ च्या विमा कायद्यात १९६८ साली झालेल्या दुरुस्तीने ‘६४ यूएम’ हे कलम आले आणि त्यानुसार वीस हजार रुपये किंवा त्याहून मोठा सर्वसाधारण विम्याचा दावा परवानाधारक सर्वेक्षकाच्या अहवालाशिवाय मंजूर करता येणार नाही, असे बंधन विमा कंपन्यांवर पडले. सर्वसाधारण विमा म्हणजे आयुर्विम्याखेरीजचा विमा: आग, सागरी मालवाहतूक, वाहन, यंत्रसामग्री इत्यादींचा. बोलीभाषेत ज्याला नुसता ‘सर्व्हेअर’ म्हणतात त्याचे कायद्यातले पूर्ण नाव ‘सर्वेक्षक व नुकसान निर्धारक’ असे आहे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण त्याला परवाना देते, आग, वाहन, अभियांत्रिकी अशा विभागांनुसार त्याचे कार्यक्षेत्र आखले जाते, आणि २००५ पासून हैदराबादला या व्यावसायिकांची स्वतंत्र संस्थाही आहे, जिच्यात सर्वेक्षकाचा दर्जा लायसेन्शिएट, असोसिएट आणि फेलो अशा चढत्या श्रेणींत ठरतो. अभियांत्रिकीची पदवी वा पदविका असलेला, सनदी लेखापाल किंवा विमा संस्थेच्या परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण अनुभवी सर्वेक्षकाच्या हाताखाली उमेदवारी करून आणि परीक्षा देऊन या व्यवसायात येतो. स्वतंत्र सर्वेक्षक असेल तर तो कोणाचा पगारी नोकर नसतो, प्रत्येक कामामागे शुल्क घेतो, आणि कंपनीने बोलावले नाही तर त्याच्या हाती काम नसते.

या शेवटच्या वाक्यांशातच व्यवसायाचे मूळ दुखणे आहे. कायद्याने सर्वेक्षकाला स्वतंत्र म्हटले, त्याच्यासाठी आचारसंहिता घातली, नियामकाला गरज भासल्यास दुसऱ्या सर्वेक्षकाकडून अहवाल मागवण्याचा अधिकारही दिला. परंतु त्याची नेमणूक आणि त्याचे शुल्क ही दोन्ही सूत्रे विमा कंपनीकडेच ठेवली, आणि त्याने सुचवलेल्या रकमेपेक्षा वेगळी रक्कम देण्याची मुभाही कंपनीला त्याच कलमात दिली. १ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन शंभराहून अधिक कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या, तेव्हा या दोषाची धार फारशी जाणवली नाही, कारण चारही कंपन्यांचा मालक एकच होता, शुल्काचे कोष्टक जवळपास सारखे होते आणि सर्वेक्षकाच्या अहवालात काटछाट करून नफा वाढवण्याची घाई कोणाला नव्हती. २००० नंतर हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले आणि स्पर्धेच्या दबावाखाली दाव्यांवरचा प्रत्येक रुपया मोजला जाऊ लागला, तेव्हा मात्र कोणत्या सर्वेक्षकाचे अहवाल ‘कंपनीला परवडतात’ हे पाहून कामे वाटण्याची प्रवृत्ती बळावली. बहुतेक स्वतंत्र सर्वेक्षक या परिस्थितीतही प्रामाणिकपणे काम करतात, आणि व्यवसायाची आजवरची प्रतिष्ठा त्यांच्यामुळेच टिकली आहे. पण प्रामाणिकपणाची किंमत पुढची कामे गमावून मोजावी लागत असेल, तर त्या व्यवसायाचे भवितव्य केवळ व्यक्तींच्या सचोटीवर सोडता येत नाही.

या पार्श्वभूमीवर कामाचे प्रमाण घटू लागले आहे. स्वतंत्र सर्वेक्षकांपैकी मोठा वर्ग वाहनविम्यावर पोट भरतो. पुणे-सातारा महामार्गावर कात्रज, खेड-शिवापूर आणि नसरापूरचा चेलाडी फाटा या पट्ट्यात वाहने एकमेकांवर आदळतात, पावसाळ्यात वरंधा घाटात घसरतात, आणि या प्रत्येक अपघाताचा क्लेम एखाद्या गॅरेजात उभ्या असलेल्या गाडीपाशी येऊन थांबतो. तेथे सर्वेक्षक जे पाहतो ते वरवर दिसते तेवढे सोपे नसते. दारावरच्या खोलगट भागात गंज धरलेला असेल तर ती मार लागल्याची खूण जुनी आहे; ओरखड्यात घट्ट बसलेली धूळही तेच सांगते; समोरून धडक बसली असे निवेदन असेल आणि पत्रा बाजूने आत दबलेला असेल, तर निवेदन आणि गाडी यांपैकी एक खोटे बोलत असते. त्यानंतर आकड्यांचे काम सुरू होते: प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांसारख्या भागांवर ५० टक्के घसारा, फायबरवर ३० टक्के, काचेवर शून्य, धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार, आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या ठरलेल्या विमामूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला तर दुरुस्तीऐवजी संपूर्ण नुकसान धरून भंगाराच्या किमतीचा विचार. घसारा म्हणजे वापरामुळे वस्तूच्या किमतीत झालेली घट. हा हिशोब गेली कित्येक दशके सर्वेक्षकाच्या व्यवसायाचा कणा होता.

आता या कण्याचे मणके एकेक करून निखळत आहेत. सर्वेक्षकाचा अहवाल सक्तीचा असण्याची मर्यादा वीस हजारांवरून वाहनांसाठी पन्नास हजार आणि इतर दाव्यांसाठी एक लाख रुपयांपर्यंत वर गेली. ‘झीरो डेप’ म्हणजे घसारा न लावणाऱ्या जोडपॉलिसीमुळे घसाऱ्याचे कोष्टकच अनेक गाड्यांपुरते निरर्थक झाले. कंपन्यांनी अधिकृत वर्कशॉपशी रोकडरहित व्यवस्थेचे करार केले. आणि कंपन्यांच्या पगारी परवानाधारक कर्मचाऱ्यांनी स्वतंत्र सर्वेक्षकाच्या हातची कामे आपल्याकडे घेतली. पुण्यात मुख्यालय असलेल्या तेव्हाच्या बजाज अलायन्झ कंपनीने लहान वाहनदाव्यांसाठी ग्राहकानेच मोबाइलवर छायाचित्रे काढून पाठवायची आणि तत्काळ रक्कम मान्य करून घ्यायची अशी सोय केली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. लहान नुकसानीत ग्राहकाला हे सोयीचे पडते, यात शंका नाही. बंपर फुटला म्हणून चार दिवस सर्वेक्षकाची वाट पाहत गाडी उभी ठेवण्यात कोणाचेच हित नव्हते. जून २०२४ मध्ये नियामकाने काढलेल्या परिपत्रकाने सर्वेक्षकाची नेमणूक २४ तासांत, अहवाल १५ दिवसांत आणि अहवालानंतर कंपनीचा निर्णय सात दिवसांत व्हावा, अशी मुदत घातली, तीही विमेदाराच्या हिताचीच आहे. परंतु या सर्व बदलांचा एकत्र परिणाम असा की, फक्त वाहनविम्याच्या जोरावर हा व्यवसाय पत्करू पाहणाऱ्या तरुणाला पूर्वीसारखे स्थिर उत्पन्न मिळण्याची शक्यता उरलेली नाही, आणि हे त्याला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अमेरिकेतही दावे तपासणाऱ्यांच्या एकूण नोकऱ्या घटत जातील, असाच तेथील सरकारी कामगार सांख्यिकी विभागाचा अंदाज आहे.

यंत्रामुळे माणूस हटला असे म्हणताना एक गोष्ट विसरली जाते: पीकविम्यात सर्वेक्षक यंत्र येण्याच्या आधीच हटवला गेला होता, आणि त्यामागे तंत्रज्ञानापेक्षा हिशोब होता. १९७२ ते १९७८ या काळात देशात प्रत्येक शेतकऱ्याच्या नुकसानीनुसार भरपाई देण्याचा प्रयोग झाला; त्यात ३,११० शेतकऱ्यांकडून ४.५४ लाख रुपयांचा हप्ता आला आणि दावे ३७.८८ लाखांचे द्यावे लागले. प्रत्येक शेतावर माणूस पाठवणे महाग, शेतकऱ्याने स्वतःच्या पिकाकडे दुर्लक्ष केले की निसर्गाने मारले हे ठरवणे अवघड, आणि ठरवणाऱ्यावर स्थानिक दबाव अटळ, अशा अडचणींवर पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त क्षेत्राधारित विम्याचा मार्ग सुचवला. सारख्या हवामानाचा आणि सारख्या जमिनीचा एक प्रदेश घ्यावा, त्याचे सरासरी उत्पादन पीक कापणी प्रयोगांनी काढावे, ते ठरलेल्या पातळीखाली गेले तर त्या प्रदेशातल्या सर्व विमेदारांना सारख्या प्रमाणात भरपाई द्यावी, अशी ही पद्धत होती. १९७९ च्या पथदर्शी योजनेपासून १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९ ची राष्ट्रीय योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना या सर्वांचा पाया तोच राहिला. दांडेकरांची मांडणी अर्थशास्त्राच्या दृष्टीने भक्कम होती आणि कोट्यवधी शेतकऱ्यांना विम्याच्या कक्षेत आणणे तिच्यामुळेच शक्य झाले. पण ती ‘प्रदेश एकजिनसी असावा’ या अटीवर उभी होती, आणि सह्याद्रीच्या कुशीत ही अट पाळली जात नाही.

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जेथून साखर-गुंजवणेमार्गे राजगडाच्या पायथ्याचा फाटा फुटतो, त्या मार्गासनीच्या आसपासचे शिवार पाहिले तर हे ध्यानात येते. गुंजवणी नदीच्या काठची खाचरे, त्यांच्या वर उतारावर बांध घालून पायऱ्यांसारखी काढलेली भातशेती, आणि त्याहून वर नाचणी-वरईची वरकस जमीन, हे सगळे एकाच महसूल मंडळात येते. महसूल मंडळ म्हणजे अनेक गावांचा मिळून केलेला महसुली गट. महाराष्ट्रात पीकविम्याची भरपाई बहुधा याच घटकाच्या सरासरीवर ठरते. समजा, भाताचे उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली सरासरी गेली तरच भरपाई मिळते ती पातळी, हेक्टरी २,००० किलो आहे, विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये आहे आणि त्या वर्षी मंडळाची सरासरी १,८०० किलो आली. तूट दहा टक्क्यांची, म्हणून प्रत्येकाला हेक्टरी ५,००० रुपये मिळतील; ज्याचे खाचर पुराच्या गाळाखाली गेले त्यालाही तेवढेच, आणि ज्याचे भात चांगले पिकले त्यालाही तेवढेच. सरासरी २,०५० आली असती तर गाळाखाली पीक गेलेल्याला काहीच मिळाले नसते. विमाशास्त्रात या विसंगतीला आधारजोखीम म्हणतात: शेतकऱ्याचे खरे नुकसान आणि ज्या आधारावर भरपाई मोजली जाते तो आकडा यांच्यातील अंतर. सपाट, एकसारख्या पिकाच्या मराठवाड्यात हे अंतर काही प्रमाणात सहन करता येते. मावळात सुक्याबरोबर ओलेही जळते.

उपग्रहाने हे अंतर मिटेल, असा अलीकडचा विश्वास आहे. २०२३ च्या खरिपापासून भात आणि गहू या पिकांच्या उत्पादन अंदाजात तंत्रज्ञानाधारित आकड्याला तीस टक्के भार देण्याचे केंद्राने ठरवले. हवामान केंद्रांचे जाळे वाढते आहे. शेतकऱ्याने मोबाइलवर पिकाची नोंद करण्याची ई-पीक पाहणी राज्यभर सुरू आहे. या साधनांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही, पण त्यांची मर्यादा नेमकी कोठे आहे हे समजून घेतले पाहिजे. मोफत उपलब्ध असलेल्या युरोपीय सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातील सर्वांत बारीक ठिपका जमिनीवरच्या दहा मीटर लांबी-रुंदीच्या तुकड्याएवढा असतो, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. उतारावरचे दोन-तीन गुंठ्यांचे खाचर त्या चित्रात दोन-तीन ठिपक्यांचे असते, आणि त्या ठिपक्यांतही बांधावरचे गवत, शेजारचे झाड आणि डोंगराची सावली मिसळलेली असते. त्यात जुलै ते सप्टेंबर हे भाताचे महत्त्वाचे महिने या खोऱ्यांत ढगांखालीच जातात. ढगांतून पाहणारे रडार उपग्रह आहेत, परंतु तीव्र उतारांवर त्यांच्या लहरी तिरप्या परततात आणि कड्याआडचा भाग दिसेनासा होतो. महागडी, अधिक बारीक चित्रे विकत घेता येतील. तरीही कारणाचा प्रश्न सुटत नाही.

कारण ठरवणे हेच सर्वेक्षकाचे खरे काम आहे, आणि भाताच्या खाचरात ते कसे केले जाते हे जवळून पाहण्यासारखे आहे. कापणीला आलेले भात आडवे पडलेले असेल तर वरून काढलेल्या चित्रात ते सारखेच दिसते. बांधावर उभे राहिल्यावर फरक कळतो. वाऱ्या-पावसाने लोळवलेले पीक बहुधा एकाच दिशेला झुकते आणि ताटे बुंध्याशी मोडण्यापेक्षा वाकतात; रानडुकरांनी तुडवलेल्या खाचरात आडव्या झालेल्या जागा वेड्यावाकड्या आणि तुटक असतात, माती उकरलेली असते, चिखलात खुरांचे ठसे असतात आणि ओंब्या चघळून टाकलेल्या सापडतात; पाण्याखाली राहिलेल्या पिकाच्या पानांवर गाळाची रेघ एका उंचीवर ओढलेली दिसते आणि ताटे बुंध्याशी कुजू लागतात. वरच्या खाचराची ताल, म्हणजे बांध, फुटून खालच्यात दगडगोटे आले असतील तर नुकसान या हंगामाच्या पिकाचे आहेच, पण जमिनीचेही आहे, आणि जमिनीचे नुकसान पीकविम्यात बसत नाही. त्यासाठी सरकारी मदतीचा वेगळा पंचनामा लागतो. ही चार कारणे चार वेगवेगळ्या दारांकडे शेतकऱ्याला नेतात: विमा कंपनी, वन विभाग, तहसील आणि कधी कधी कोणतेच नाही. कारण चुकीचे लिहिले गेले की खरे नुकसान असूनही त्याच्या तोंडाला पाने पुसली जातात.

सरासरीवरच्या भरपाईला जोड म्हणून काही कारणांसाठी शेतनिहाय पाहणीची सोय योजनेत केली गेली, पण तिच्याबाबत धोरणाची दिशा सतत बदलत आली आहे. पाण्याखाली गेलेल्या भाताची वैयक्तिक भरपाई केंद्राने २०१८ मध्ये योजनेतून वगळली होती. महाराष्ट्राने २०२३ मध्ये एक रुपयात पीकविमा आणला, २०२५ च्या खरिपापासून तो बंद करून हप्ता पुन्हा खरिपाला दोन टक्के केला, आणि त्याच वेळी स्थानिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचे नुकसान अशी जोडसंरक्षणे काढून भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगांवर आणून ठेवली. म्हणजे व्यक्तीच्या शेतावर जाऊन पाहणी करण्याचे राहिलेसाहिले कारणही राज्यात संपले. नंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वन्य प्राण्यांमुळे होणारे पिकाचे नुकसान आणि भाताचे जलमय होणे ही दोन्ही स्थानिक आपत्तीच्या संरक्षणात २०२६ च्या खरिपापासून घेण्याचे जाहीर केले. शेतकऱ्याने ७२ तासांत छायाचित्रांसह कळवायचे, अशी त्याची रचना आहे. वेल्हे तालुक्याला, ज्याचे नाव आता राजगड तालुका झाले आहे, आणि भोरला या दोन जोखमी जितक्या लागू पडतात तितक्या फार थोड्या भागांना लागू पडत असतील. सर्वेक्षकांच्या रोजगाराच्या दृष्टीने, गेल्या अनेक वर्षांत ग्रामीण भागात उघडलेली ही सर्वांत मोठी वाट ठरू शकते, राज्याने हे संरक्षण स्वीकारले तर.

पण ही वाट कोणासाठी उघडेल, हा खरा प्रश्न आहे. पीकविम्याच्या नियमांप्रमाणे स्थानिक आपत्तीची पाहणी कंपनीने नेमलेला नुकसान निर्धारक, कृषी विभागाचा अधिकारी आणि संबंधित शेतकरी यांनी मिळून करायची असते, आणि निर्धारकाला कृषी पदविका वा पदवी आणि क्षेत्रीय अनुभव असावा, असे अपेक्षित असते. प्रत्यक्षात हंगाम सुरू झाला की कंपन्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदारांकडून तात्पुरते प्रतिनिधी घेतात, दर पाहणीमागे त्यांना तुटपुंजी रक्कम मिळते, आणि एका दिवसात जेवढी शेते उरकता येतील तेवढी उरकण्याकडे त्यांचा कल असणे स्वाभाविक आहे. मोबाइलला रेंज नसलेल्या खोऱ्यात छायाचित्र वर चढत नाही, शेतकऱ्याला कोऱ्या वा अर्धवट भरलेल्या अर्जावर सही करायला सांगितली जाते, आणि नुकसानीची टक्केवारी नंतर दुसरीकडे बसून भरली जाते, अशा तक्रारी राज्याच्या अनेक जिल्ह्यांतून वर्षानुवर्षे येत आल्या आहेत. त्या तरुण प्रतिनिधींना दोष देण्यात अर्थ नाही. ज्यांच्या सहीला परवान्याची जोखीम नाही, ज्यांचा मेहनताना संख्येवर आहे आणि ज्यांची ओळख पुढच्या हंगामात कोणाला आठवणार नाही, त्यांच्याकडून निवाड्याची अपेक्षा करणे हीच व्यवस्थेची चूक आहे. सर्वाधिक कठीण जागी सर्वांत कमी प्रशिक्षित माणूस पाठवला जातो, आणि महामार्गावरच्या गॅरेजात मात्र परवानाधारक अभियंता उभा असतो. ही वाटणी उलटी होण्याची गरज आहे.

जनावरांच्या विम्यातही हेच चित्र लहान प्रमाणावर दिसते. कानातला टॅग, पशुवैद्यकाचा दाखला, पंचनामा आणि मेलेल्या जनावराची छायाचित्रे यांवर दावा उभा असतो, आणि ‘टॅग नाही तर क्लेम नाही’ हा नियम गोठ्यागोठ्यात माहीत असतो. टॅग रानात झुडपाला अडकून तुटला तर खरा दावाही पडतो. म्हणून नाकावरच्या रेषांवरून जनावर ओळखण्याचे तंत्र येत आहे, आणि ते यावेच, कारण ओळख पटवणे हे यंत्राचे काम आहे; मृत्यूचे कारण ठरवणे मात्र माणसाचेच राहते.

स्वतंत्र सर्वेक्षकाच्या बाजूने बोलताना त्याच्यावरच्या आक्षेपांना बगल देणे योग्य होणार नाही. विलंब, गॅरेजशी संगनमत, कंपनीच्या इशाऱ्यावर आकडा खाली आणणे, विमेदाराला कागदांसाठी खेटे घालायला लावणे, हे सर्व घडलेले आहे आणि घडते. न्यायालयांनीही त्याच्या अहवालाला अंतिम शब्द मानलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये न्यू इंडिया अशुरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या प्रकरणात सांगितले की, सर्वेक्षकाचा अहवाल महत्त्वाचा पुरावा असला तरी तो कंपनीवर वा विमेदारावर बंधनकारक नाही. त्याच वर्षी श्री वेंकटेश्वर सिंडिकेट प्रकरणात त्याच न्यायालयाने दुसरी बाजूही स्पष्ट केली: आपल्याला हवा तसा अहवाल येईपर्यंत एकामागून एक सर्वेक्षक नेमत राहण्याचा अधिकार कंपनीला नाही, आणि पहिला अहवाल नाकारायचा तर त्याची सबळ कारणे द्यावी लागतील. या दोन निर्णयांतून सर्वेक्षकाचे जे स्थान ठरते ते साक्षीदाराचे आहे: खोडून काढता येईल असा, पण कारणाशिवाय बाजूला सारता येणार नाही असा. संगणकीय अनुमानाला हे स्थान देता येत नाही, कारण त्याची उलटतपासणी होत नाही. पुण्याच्या विमा लोकपालापुढे किंवा ग्राहक आयोगात विमेदार उभा राहतो तेव्हा, जागेवर कोण गेले होते, त्याने काय पाहिले आणि ते का लिहिले, हे विचारता आले पाहिजे. ‘प्रणालीने अठरा टक्के नुकसान दाखवले’ या उत्तराला पुढचा प्रश्नच नसतो.

रोजगाराच्या हिशोबात आणखी काही क्षेत्रे वाढती आहेत. शिरवळ आणि खेड-शिवापूरच्या कारखानदारीत आग, यंत्रबिघाड आणि उत्पादन थांबल्यामुळे बुडालेला नफा यांचे दावे मोठे, गुंतागुंतीचे आणि लेखाशास्त्र जाणणाऱ्या सर्वेक्षकाशिवाय न सुटणारे असतात. छतावरचे सौरसंच, विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्या, शीतगृहे, ही नवी मालमत्ता आहे. बॅटरीच्या पेटीला बाहेरून ओरखडाच असला तरी आतले नुकसान गाडीच्या निम्म्या किमतीएवढे असू शकते, आणि ते छायाचित्रात येत नाही. लहान उद्योगांसाठी एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत मालाची किंमत पंधरा टक्क्यांपर्यंत कमी दाखवली गेली असली तरी त्यासाठी भरपाई कापली जात नाही. त्यापलीकडे ती प्रमाणात कापली जाते, म्हणजे दहा लाखांच्या मालावर पाच लाखांचाच विमा असेल तर दोन लाखांच्या नुकसानीपोटी एकच लाख हाती येतो. भातगिरणीच्या गोदामात आगीआधी नेमका किती माल होता हे वीजबिल, वजनकाट्याच्या पावत्या आणि जळालेल्या पोत्यांची रास यांवरून ठरवावे लागते. मोठ्या आपत्तीत तर माणसांची टंचाईच भासते: ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा दुकानांतील चिखलात बुडालेला माल फेकून देण्याआधी पाहणी व्हावी यासाठी व्यापारी ताटकळले, कारण एकाच वेळी हजारो जागी जाऊ शकतील इतके सर्वेक्षक जवळपास नव्हते. हवामानाचा लहरीपणा वाढत असताना अशा प्रसंगांसाठी तयार असलेली प्रादेशिक फळी उभी करणे हे नियामकाचे काम आहे.

तरीही नेमणूक आणि शुल्क कंपनीच्याच हाती असण्याचा मूळ दोष तसाच राहिला तर या वाढत्या क्षेत्रांतही स्वतंत्र सर्वेक्षक हळूहळू कंपन्यांचा कंत्राटी कर्मचारीच होऊन जाईल. इतर देशांनी यावर वेगवेगळे उपाय केले आहेत. ब्रिटनमध्ये १९४१ साली स्थापन झालेल्या नुकसान निर्धारकांच्या संघटनेला १९६१ मध्ये शाही सनद मिळाली आणि व्यवसायाची शिस्त व्यावसायिकांच्या संस्थेकडे आली. अमेरिकेत कंपनीचा पगारी, कंपनीने कामापुरता नेमलेला स्वतंत्र आणि विमेदाराने स्वतःच्या बाजूने नेमलेला असे तीन प्रकार कायद्याने ओळखले जातात. तिसऱ्याला मिळालेल्या भरपाईतून काही टक्के मोबदला मिळतो. हा तिसरा प्रकार भारतात जसाच्या तसा आणणे घातक ठरेल, कारण गरजू शेतकऱ्याच्या भरपाईतून टक्केवारी कापणाऱ्या दलालांची फौज उभी राहायला वेळ लागणार नाही. येथे अधिक उपयुक्त ठरेल ती नेमणुकीची अशी व्यवस्था, जिच्यात दाव्याची नोंद होताच जिल्ह्याच्या परवानाधारक यादीतून सर्वेक्षक क्रमवार पद्धतीने निवडला जाईल, कंपनीला त्याच्याविरुद्ध लेखी हरकत घेता येईल पण मनासारखा माणूस निवडता येणार नाही, आणि त्याचे शुल्क विमा हप्त्यातून बाजूला काढलेल्या निधीतून दिले जाईल. तंत्रज्ञानाच्या साहाय्याने सर्वेक्षक नेमण्याची सक्ती २०२४ च्या परिपत्रकात आहेच. ती नेमणूक कोणाच्या नियंत्रणाखाली होते एवढेच बदलायचे आहे. यामुळे खर्च वाढेल, हा आक्षेप खरा आहे. परंतु चुकीच्या निवाड्यांमुळे वाढणारे दावे, खटले आणि विम्यावरचा उडालेला विश्वास यांचा खर्च कोणत्याच ताळेबंदात मांडला जात नाही.

पीकविम्यासाठी याला आणखी एक जोड हवी. कृषी पदविका घेतलेली, भोर-वेल्ह्यात राहणारी आणि भाताच्या हळव्या-गरव्या वाणांची ओळख असलेली तरुण मुले-मुली या भागात आहेत. त्यांना पीकविभागाचा मर्यादित परवाना मिळवण्याइतके प्रशिक्षण कृषी महाविद्यालयांतून देणे अवघड नाही. स्थानिक माणसावर स्थानिक दबाव येतो, हा दांडेकरांच्या काळातला आक्षेप आजही लागू आहे, आणि त्यावर उपाय म्हणून सर्वेक्षकाला स्वतःच्या गावाबाहेरचे मंडळ देता येईल, त्याच्या काही टक्के पाहण्या दुसऱ्याकडून पुन्हा तपासता येतील, आणि येथेच उपग्रहाची चित्रे खरोखर उपयोगी पडतील: सर्वेक्षकाची जागा घेण्यासाठी नव्हे, त्याच्या अहवालाची पडताळणी करण्यासाठी. वर्षभर पिकाचेच काम मिळणार नाही, म्हणून याच परवानाधारकाला जनावरे, कुक्कुटपालनाच्या शेड आणि घरविम्याचे लहान दावे पाहण्याची मुभा असली पाहिजे. एका तालुक्यात या सर्वांचे मिळून एखाद-दोन माणसांचे पोट नीट चालू शकेल, त्याहून अधिक रोजगाराचे आश्वासन देणे खोटे ठरेल. पाण्याखालच्या भाताची पाहणी पाणी ओसरल्यानंतर थोड्याच दिवसांत झाली नाही तर पानांवरची गाळाची रेघ पावसाने धुऊन जाते, आणि कुजलेले खाचर शेतकरी नांगरून मोकळे करतो. नुकसानीची सूचना आल्यावर ४८ तासांत निर्धारक नेमण्याची आणि दहा दिवसांत पाहणी पुरी करण्याची मुदत योजनेच्या नियमांत आहे, आणि मार्गासनीच्या शिवारात त्या मुदतीत पोहोचू शकेल असा परवानाधारक माणूस यादीत असायला हवा असेल, तर त्याच्या प्रशिक्षणाची सुरुवात पुढच्या पावसाळ्याआधी व्हावी लागेल.